परकं इंजिन

घटस्फोटाचा निकाल लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीच्या वेळेला शेडवर हजर झाली, तेव्हा समोरच्या टायरवाल्याच्या हातातला हवेचा पाइप तसाच फुसफुसत राहिला. गल्लीने गृहीतच धरलं होतं की आता ही काही येत नाही. नवरा सुटला म्हणजे सासर सुटलं, आणि सासर सुटलं म्हणजे सासऱ्याच्या शेडमधला तो कोपराही सुटला. तिने कोणाकडे बघितलं नाही. कुलूप काढलं, शटर वर ढकललं आणि खुंटीवरचा निळा कोट अंगात चढवला.

"काही राहिलं होतं वाटतं न्यायचं?" टायरवाल्याने विचारलं.

"न्यायचं नाही, करायचं राहिलंय," ती म्हणाली. "काल सुट्टी पडली ना."

गल्लीत तिला सगळे करंट म्हणत. गाड्यांचं वायरिंग करायची म्हणून, आणि बोलायला फटकळ होती म्हणूनही. लग्न होऊन आली तेव्हाच सासऱ्यांनी खिडकीजवळचा कोपरा तिला मोकळा करून दिला होता. सासरे म्हणजे मिस्त्री. लोखंड कापणं, वाकवणं, जोडणं यात त्यांचा जन्म गेला, पण विजेची तार दिसली की हात मागे घ्यायचे. "जे डोळ्यांना दिसत नाही ते मी दुरुस्त करत नाही," म्हणायचे. त्यामुळे दोघांचं मस्त जमायचं. दिसणारं ते करायचे, न दिसणारं ती.

मिस्त्री थोड्या वेळाने आले. दारात थबकले, चष्मा काढून पुसला, परत लावला. ती मनातून घाबरली होती. हे जर म्हणाले, 'पोरी, आता बरं दिसत नाही', तर आपण काय करणार?

"पुठ्ठा कुठे ठेवलास?" मिस्त्री म्हणाले. "इंजिनाच्या डाव्या माउंटिंगचं माप घ्यायचंय. ये, धर इकडे."

तिने पुठ्ठा धरला.

ज्या गाडीसाठी पुठ्ठा धरला ती शेडच्या मधोमध उभी होती. दोन सीटची, बुटकी, लांब नाकाची, एके काळची लाल. मिस्त्रींनी ती तरुणपणी भंगारातून सोडवून आणली होती आणि स्वतःच्या हाताने उभी केली होती. त्यांचा एकुलता एक मुलगा, म्हणजे तिचा कालपर्यंतचा नवरा, याच गाडीवर शिकला. आणि त्यानेच एका उन्हाळ्यात रेडिएटर कोरडा असताना ती चढावर दामटली आणि इंजिनाचा ब्लॉक तडकवला. मिस्त्रींनी तडा सांधून पाहिला, तो पुन्हा उकलला. तसं इंजिन आता कुठे बनत नव्हतं. गाडी बरीच वर्षं ताडपत्रीखाली पडून राहिली. मग मागून ट्रकने ठोकलेली एक घरगुती गाडी शेडमध्ये आली, मागचा भाग चेपून कागद झालेला, पुढचं इंजिन मात्र ठणठणीत. करंट त्या इंजिनाकडे बघत होती, मिस्त्री ताडपत्रीकडे बघत होते. दोघं एकदमच हसली होती.

त्याच दिवसांत घरात तिचा संसार फिसकटत चालला होता. भांडणं ओरडून झाली नाहीत, बोलणंच आटत गेलं. नवरा शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, तिने पलीकडच्या गल्लीत खोली घेतली. इंजिनाचं काम मात्र चालूच राहिलं.

तिने शेडवर येत राहणं सासूबाईंना मान्य नव्हतं. घर शेडला लागूनच होतं, मधे फक्त स्वयंपाकघराचं दार. रोज दहाच्या सुमाराला त्या दारातून दोन कप चहा यायचा. निकालानंतरच्या त्या पहिल्या दिवशी एकच आला. मिस्त्रींनी कपाकडे पाहिलं, बंद दाराकडे पाहिलं. मग नट-बोल्टांचा एक रिकामा डबा घेतला, फडक्याने आतून पुसला, आणि त्यात अर्धा चहा ओतून तिच्यापुढे धरला.

"बाबा, याला ग्रीसचा वास येतोय."

"मग कप तू घे, डबा मला दे."

हे काही दिवस चाललं. एके सकाळी दार धाडकन उघडलं. सासूबाई कमरेवर हात देऊन उभ्या होत्या. "डबड्यातून चहा पिता? माझ्या घरचा चहा? उद्या पोट बिघडलं तर लोक माझ्याच नावाने बोटं मोडतील!" दुसऱ्या दिवसापासून कप दोन झाले. पण सासूबाई तिच्याशी बोलत नव्हत्या. आणि तिचीही पंचाईतच होती. 'बाबा' हा शब्द तोंडातून सहज निघायचा, 'आई' मात्र घशात अडकायचा. मग ती नुसतं 'अहो' म्हणायची, तेही भिंतीकडे बघून.

काम मोठं होतं. जुन्या गाडीच्या पोटात नवीन इंजिन बसवणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा सदरा स्वतःला बसवणं. कुठे आवळायचा, कुठे उसवायचा. ऑइलचं चेंबर खालच्या दांडीला घासत होतं, ते मिस्त्रींनी कापून उथळ केलं. सायलेन्सरचा पाइप स्टिअरिंगच्या दांड्याला टेकत होता. पाइप वाकवला, नाही जमला. पुन्हा कापला, पुन्हा जोडला, पुन्हा टेकला. मिस्त्री शिव्या देत राहिले, पाइप ऐकत नव्हता. शेवटी त्यांनी तो उलट्या बाजूने काढला आणि स्वतःवरच खूश होऊन दिवसभर शीळ घालत फिरले.

तिची लढाई वेगळी होती. जुन्या गाडीत वायरी मोजक्या, त्याही वाळक्या शेंगांसारख्या. हात लावला की साल गळून पडायची. नव्या इंजिनाला मात्र कंप्युटर होता, आणि त्याला हजार गोष्टी कळायला हव्या होत्या. पाणी किती तापलं, हवा किती आली, चावी खरी की खोटी. तिने एक मोठा प्लायवुड भिंतीला टेकवला, त्यावर खडूने गाडीचा आकार काढला, वळणावळणावर खिळे ठोकले आणि एकेक वायर त्या खिळ्यांमधून फिरवत नेली. कंप्युटरला नको त्या वायरी बाहेर काढल्या: मागच्या काचेचा वायपर, खिडक्यांच्या मोटारी, दरवाज्यांचे दिवे. राहिल्या त्यांची जुडी बांधली, काळ्या कापडी टेपने घट्ट गुंडाळली. स्टिअरिंगखाली घरगुती गाडीच्या चावीची रिंग बसवली, नाहीतर कंप्युटर चावी ओळखायला तयार नव्हता. संध्याकाळी बोटं चिकट व्हायची आणि मान आखडायची. पण प्लायवुडसमोर उभी राहिली की तिला वाटायचं, या घरात एक तरी गोष्ट अशी आहे, जिचं कुठलं टोक कुठे जातं ते मला पक्कं माहीत आहे.

मग एके दुपारी तिचा पूर्वीचा नवरा आला. एकटा नाही, सोबत पांढऱ्या बुटांतला एक गृहस्थ होता. शहरात त्याचं मोठं हॉटेल होतं, आणि हॉटेलच्या दर्शनी दालनात त्याला एक जुनी स्पोर्ट्स कार उभी करायची होती.

हॉटेलवाला गाडीभोवती फिरला. वाकून इंजिन पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला. "हे काय हो? हे तर भाजी आणायला जातात त्या गाडीचं इंजिन!"

"भाजी आणायला नेहमी वेळेवर पोचतं," करंट म्हणाली.

मुलगा वडिलांकडे वळला. "बाबा, हे काढून टाका. जुनं इंजिन तसंच बसवा, तडकलेलं असलं तरी चालेल. यांना चालवायची नाहीये."

"चालवायची नाही तर घेतायत कशाला?"

"ठेवायला. बघायला."

"बघायला कॅलेंडर आणा म्हणावं," मिस्त्री म्हणाले आणि ग्राइंडर सुरू केला. ठिणग्या उडाल्या तसा हॉटेलवाला बूट सांभाळत बाहेर सरकला.

मुलगा गेला नाही. ग्राइंडर थांबेपर्यंत उभा राहिला आणि मग तिच्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "गाडी लग्नात मला द्यायची ठरली होती. तुला माहीत आहे. माझ्या घरातून तू गेलीस, ठीक आहे. पण माझ्या वडिलांनाही घेऊन चाललीस."

हे त्याने रागाने म्हटलं असतं तर तिला सोपं गेलं असतं. तो खरंच दुखावलेला होता. तिने हातातली पक्कड खाली ठेवली.

"मी कोणाला घेऊन चाललेली नाही. तुझे वडील सकाळपासून संध्याकाळपर्यंत इथेच असतात आणि शटर उघडं असतं. तू यायचा बंद झालास, त्याला मी काय करू?"

"तू असताना कसा येऊ?"

"जसा आज आलास तसा," ती म्हणाली. "मी जाणार नाही. हे तू आजच ऐकून ठेव."

तो ऐकून घेऊन गेला. पण इंजिन पहिल्यांदा सुरू करायचं ठरलं, त्या दिवशी पुन्हा येऊन दारात उभा राहिला. टायरवालाही आला, सासूबाईही स्वयंपाकघराच्या दारात आल्या. करंट सीटवर बसली, चावी फिरवली. स्टार्टर जड कण्हला, इंजिन घुसमटलं, आणि पुढून धुराची रेघ वर आली. मिस्त्री ओरडले. एक्सिलरेटरची केबल लाल झाली होती आणि तिच्यावरचं प्लॅस्टिक मेणासारखं ओघळत होतं. तिने झेप घेऊन बॅटरीची तार ओढून काढली.

शेडमध्ये जळका वास पसरला. मग मुलगाच बोलला. "झालं? वायरिंग हिने केलंय. घर जाळलं, आता गाडी."

करंट वाकली आणि इंजिनाच्या खालच्या बाजूला टॉर्च मारला. इंजिन आणि गाडीची चौकट यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी तिथे नव्हती. पट्टी नसल्यामुळे स्टार्टरची सगळी वीज परतीची वाट शोधत एक्सिलरेटरच्या बारीक केबलमधून गेली होती. पट्टी तिने स्वतः बसवली होती. आणि काल मिस्त्रींनी माउंटिंगला रंग मारायला ती काढली होती. खिडकीत, रंगाच्या ब्रशशेजारी, ती अजून पडली होती.

तिने मिस्त्रींकडे पाहिलं. त्यांचीही नजर खिडकीकडे गेली होती. ती वाट बघत राहिली. या माणसाला ती आजवर कधी उलटून बोलली नव्हती. लग्न टिकलं असतं तर आजही बोलली नसती. दोष पदरात घेऊन रात्री उशीत तोंड खुपसलं असतं.

"बाबा, पट्टी तुम्ही काढलीत," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "आणि परत लावली नाहीत. वायरिंगमध्ये काही चूक नाही."

मिस्त्रींचे कान लाल झाले. "मला शिकवतेस? माझ्या शेडमध्ये?" हातातलं फडकं आपटून ते घरात निघून गेले. मुलगा काही बोलायला तोंड उघडत होता. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की ते तसंच मिटलं.

मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाहीत. गल्लीत पुन्हा कुजबुज सुरू झाली. आता तरी ही जाईल. ती रोज येत राहिली. नवीन केबल टाकली, पट्टी लावली, जवळच्या वायरींची जुडी उलगडून एकेक वायर तपासली. मग करण्यासारखं एकच काम उरलं. सायलेन्सर लटकवायची पट्टी अजून जोडायची होती, आणि ते काम लोखंडाचं होतं.

तिने वेल्डिंगचा मुखवटा डोक्यावर चढवला. पहिला टाका टाकायला गेली तर सळई चिकटून बसली. दुसऱ्यांदा पत्र्याला भोक पडलं. ती भोक बुजवत होती तेवढ्यात मागून आवाज आला.

"काय चाललंय हे?"

सासूबाई. डोळ्यांवर पदर धरून.

"अहो, त्या उजेडाकडे बघू नका."

"ते घरात बसून माझं डोकं खातायत. भाजी अशी का चिरलीस, पंखा तिरका का फिरतो. माझ्या स्वयंपाकघरात मला शिकवतायत!" त्यांनी पदर जरा बाजूला केला. "हा जोड असा हिरवा-निळा दिसायला हवा का?"

"नाही," तिने कबूल केलं. "पण सायलेन्सर लटकून तर राहील."

सासूबाईंनी ते नीट पाहिलं आणि लगबगीने आत गेल्या. पाच मिनिटांत मिस्त्री सदऱ्याची बटणं लावत धावत आले. वाकले, बोटाने चाचपलं.

"शेण थापलंय हे! वेल्डिंग म्हणतात का याला?"

"मग काढून दाखवा चांगलं."

"काढतो ना! सरक!"

त्यांनी ते ग्राइंडरने उडवलं आणि सरळ, बारीक शिवण घातल्यासारखा जोड काढला. मुखवटा वर केला, पण तिच्याकडे पाहिलं नाही. "त्या दिवशी पट्टी माझीच राहिली होती," ते जोडाला उद्देशून म्हणाले. "त्याच्यासमोर बोललीस, ते लागलं."

"त्याच्यासमोरच बोलायला हवं होतं, बाबा."

मिस्त्रींनी मुखवटा खुंटीला अडकवला. मग मान हलवली.

दुपारी तिने चावी फिरवली. इंजिन एका झटक्यात लागलं आणि आवाज असा घुमला की पत्र्याचं छप्पर थरथरलं. मिस्त्रींनी बॉनेटवर दोन्ही हात टेकले, आणि ते हात तिथून काढायला तयार होईनात.

रस्त्यावर आणायला गाडीची सरकारी तपासणी करून घ्यावी लागणार होती. त्या सकाळी तिने गाडी शेडच्या तोंडाशी काढली आणि बघते तर समोर मुलगा, त्याच्यामागे हॉटेलवाला, आणि त्यांच्यामागे गाड्या उचलून नेणारा एक ट्रक आडवा उभा.

"बाबा, मी शब्द दिलाय," मुलगा म्हणाला. "हे आता आहे तशी घ्यायला तयार झालेत. इंजिन नंतर काढून टाकतील."

मिस्त्रींचा आवाज चढला, मुलाचाही चढला. टायरवाला पाइप सोडून बघायला आला. करंट स्टिअरिंग धरून बसली होती, आणि तिच्या लक्षात आलं की या भांडणात तिला बोलायची गरज नाही. फक्त उतरायचं नाही. तेवढ्यात शेजारचा दरवाजा उघडला. सासूबाई आत शिरत होत्या. गाडी इतकी बुटकी की त्या आधी बसल्या, मग एकेक पाय हाताने उचलून आत घेतला.

"आई, उतर," मुलगा म्हणाला.

"नाही उतरणार. न्यायची असेल तर माझ्यासकट ने. मला त्या हॉटेलात मांडून ठेव, येणारे-जाणारे बघतील." त्यांनी दार ओढून घेतलं. "आणि शब्द कोणाच्या गाडीचा दिलास? मला विचारलंस? यांना विचारलंस? गाडीचं राहू दे, ही इतकी वर्षं या घरात राहिली, हिला कधी काही विचारलंस?"

मुलगा उभाच राहिला. हॉटेलवाल्याने घड्याळात पाहिलं आणि ट्रकवाल्याला हाताने खूण केली. ट्रक मागे सरकला.

"निघ," सासूबाई तिला म्हणाल्या. त्या एका शब्दाने किती महिन्यांचं मौन मोडलं, ते दोघींनाही कळलं.

सीट दोनच, त्यामुळे ज्यांची गाडी ते मिस्त्री स्कूटरवरून मागे. आरशात ते दिसत होते, हेल्मेट तिरकं, तोंडाने काहीतरी सूचना ओरडत.

तपासणीच्या आवारात रांग होती. अधिकारी बाई बारीक नजरेच्या होत्या. ब्रेक, दिवे, हॉर्न, धूर, सगळं स्वतः पाहिलं. इंजिन बदलल्याचे कागद चाळले आणि विचारलं, "काम कोणी केलं?"

"लोखंड मी," मिस्त्री म्हणाले. "वायरिंग हिने."

"या तुमच्या कोण?"

मिस्त्री अडखळले. करंटनेही मान खाली घातली.

"सून," सासूबाई गाडीतूनच म्हणाल्या. "मुलाशी मोडलं हिचं. आमच्याशी नाही. तसा रकाना नसेल तुमच्याकडे तर कोरा सोडा."

अधिकारी बाईंनी तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. "मला रकाना नको होता, सहज विचारलं," त्या म्हणाल्या. मग हँडब्रेक ओढून पाहिला, गाडी उतारावर हळूच घसरली, आणि त्यांनी गाडी नापास केली.

परतताना मिस्त्रींची स्कूटर पुन्हा मागे लागली. मधेच सासूबाई म्हणाल्या, "नापास तर नापास. पुन्हा येऊ." आणि थोड्या वेळाने, "वेग जरा वाढव की. ती बस कशाला पुढे जाऊ दिलीस?"

"आई, रस्ता अरुंद आहे," ती म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर तिला कळलं की शब्द निघाला.

हँडब्रेकची केबल मिस्त्रींनी बदलली. पुढच्या आठवड्यात गाडी पास झाली. मुलगा त्यानंतर एका दुपारी आला, एकटाच. करंटने प्लायवुडवरचे खिळे उपटायचं काम थांबवलं नाही, पण स्टूल पायाने त्याच्याकडे सरकवलं. तो बसला. बापलेक बराच वेळ क्लच या विषयावर बोलले. चालवायला मागितली नाही त्याने, आणि तिने देऊही केली नाही. जाताना तो तिला म्हणाला, "आवाज चांगला काढलाय." एवढं पुरे होतं.

पहिल्यांदा गाडी लांब नेली ती तिने आणि मिस्त्रींनी. शेवटचा कारखाना मागे पडला, रस्ता रुंद झाला. पेट्रोल भरायला थांबले तर शेजारी जुन्या गाड्या जपणारा एक माणूस उभा. त्याची गाडी लखलखीत, ट्रेलरवर चढवलेली, चाकांना माती नाही. तो लाल गाडीभोवती कौतुकाने फिरला. पाणी बघायला मिस्त्रींनी बॉनेट उघडलं होतं, त्यात डोकावला आणि जिभेने 'च्च' केलं.

"अरेरे. मूळचं इंजिन नाही वाटतं?"

"नाही," मिस्त्री मोठ्याने म्हणाले. "इंजिन मूळचं नाही. वायरिंग नाही, माउंटिंग नाही, पाइप नाही. सगळं आम्ही दोघांनी केलंय. बसता का? एक चक्कर मारून आणते सून."

त्या माणसाने आपल्या ट्रेलरकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं, नकार देण्यासाठी तोंड उघडलं. करंटने तोवर चावी फिरवली होती. मिस्त्री बॉनेट लावून, दार धरून बाजूला उभे राहिले, आणि तो माणूस, स्वतःलाही आश्चर्य वाटावं तसा, खाली वाकून आत बसला.

"पट्टा लावा," ती म्हणाली आणि क्लच सोडला.